ठेवणीतली लावणी

जालन्याच्या धान्याच्या मोंढ्यामागे राधाकिसनचं पत्र्याचं थेटर होतं. तिथे बायनाबाई बैठकीची लावणी म्हणायची. नाच नाही, पळापळ नाही. एका जागी बसायचं आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, पण दर खेपेला नवी अदा. शृंगार, रुसवा, विरह सगळं तोंडावर आणि दहा बोटांत. चाळिशी उलटली होती, तरी माणसं तिच्यासाठी यायची.

एक लावणी मात्र ती ठेवणीत ठेवायची. 'दारी दिवा जागा ठेवला, राया तुमच्यासाठी.' ही फक्त अंबडच्या अण्णासाहेबांसाठी. ते कापसाचे अडते, घरी बायको, नातवंडं. वीसेक वर्षं बाजाराच्या दिवशी येत आणि खांबाजवळच्या तक्क्याला टेकून बसत. चौऱ्याहत्तर साली यायचे थांबले, आणि दिवाळीनंतर ते गेल्याचीच बातमी आली.

बायनाबाईला कोण बोलावणार? कुंकू पुसायचा हक्क नव्हता, रडायलाही परवानगी लागावी अशी तिची गत. तिने पेटीवाल्या सांडूला दहाव्याला गोदाकाठी शहागडला धाडलं.

"लांब उभं राहा सांडूभाऊ," ती म्हणाली. "पिंडाला कावळा शिवायचा न्हाई, मला म्हाईत हाये. त्यांचा जीव माझ्यात अडकलाय. घरचे काय काय कबूल करतील, तरी यायचा न्हाई. मंग तुमी मनातल्या मनात म्हना, बायनाची काळजी करू नका. बराबर शिवंल."

सकाळपासून ती दाराशी बसून राहिली. दुःख होतंच, पण खोटं कशाला बोला, थोडा तोराही होता. नदीकाठी सगळं गणगोत हात जोडून उभं आहे आणि कावळा तिच्या नावासाठी खोळंबलाय, हे चित्र तिला फार आवडलं होतं.

सांडू दुपारच्या एसटीने परतला.

"शिवला का?"

"शिवला."

"तुमी म्हनल्यावरच ना?"

सांडूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला म्हनायला येळच भेटला न्हाई, बाई. पिंड ठेवून मानसं मागं सरकली न्हाईत, तवर शिवला. समदे म्हनले, तृप्त होऊन गेले. मागं काही राह्यलं न्हाई."

सांडूला खोटं बोलता येत नसे. त्या दिवशी आलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बायनाबाई बैठकीला बसली आणि कुणी न सांगता तीच लावणी काढली. 'दारी दिवा' म्हणताना हात कपाळाशी गेला, नजर खांबाजवळच्या तक्क्याकडे गेली आणि तिथेच थिजली. वीस वर्षांचं रडू एकदम बाहेर आलं. पेटीवर सांडूची बोटं थांबली. तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

असली अदा लोकांनी जन्मात पाहिली नव्हती. राधाकिसनने सांडूला खूण केली. पेटी पुन्हा सुरू झाली, आणि बायनाबाईने पदराने डोळे पुसून तीच ओळ पुन्हा घेतली.

मग ती रोजचीच फर्माईश झाली. भोकरदनहून लोक खास 'रडायची लावणी' बघायला येऊ लागले. 'तुमच्यासाठी'वर समेला पाणी बरोबर डोळ्यांत यायचं. पुढे पुढे त्यासाठी अण्णासाहेबांना आठवावंही लागेना.