तातेरावची गाठ

तातेराव गेला त्याला आज नववा दिवस, आणि मला खुर्चीत बसवत नाही. हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या कचेरीत आम्ही एकवीस वर्षं शेजारी बसून मराठवाड्याच्या फायली लाल बस्त्यांत बांधल्या. आता हैदराबाद राज्य मोडलं आणि ते बस्ते औरंगाबादला निघाले. तातेरावनंही तिकडचीच बदली मागितली होती.

हेडक्लार्क म्हणाले, "मयताचं सर्व्हिस बुक इथंच राहू द्या."

मी उठलो, पाणी पिऊन आलो, पुन्हा उठलो. शेवटी ते बुक गुपचूप परभणीच्या बस्त्यात घातलं आणि त्याच्यासारखी उलटी गाठ मारली. ती फक्त त्यालाच सोडवता यायची. तिकडचे लोक कात्री लावतील, नाव वाचतील आणि विचारतील, "हे तातेराव अजून रुजू का झाले नाहीत?"