टीव्हीच्या मागे बसलेल्या सासूबाई

आमच्या घरात इंटरनेटलाही मानपान लागतो, हे मला राउटरला हात लावेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आमच्या लेकीची, मयूरीची, नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर कॉलने होणार होती. नोकरी इंटरनेट कंपनीत, ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याची. आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक कॉल अर्ध्यावर अडकायचा! मग तिनेच मला एक सेटिंग दाखवलं. राउटरमध्ये ज्याला पहिला क्रमांक, त्याचा कॉल आधी जातो, बाकीचे थांबतात. सात रस्ता चौकात पोलीस रुग्णवाहिकेला वाट करून देतो, तसं. तिला अभ्यास होता, म्हणून काम मी अंगावर घेतलं आणि मोठ्या ऐटीत लॅपटॉपला पहिला क्रमांक दिला.

सासूबाईंना वास लागला. "आणि माझा फोन कितवा गं?"

मी खरं बोलले. (ही माझी जुनी खोड.) चौथा, टीव्हीनंतर.

"म्हंजे मी टीव्हीच्या मागं, व्हय?" त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग अक्कलकोटच्या बहिणीला फोन करून कन्नडमधून सगळं सांगितलं. मला कन्नड येत नाही, पण 'टीव्ही' हा शब्द बरोबर कळत होता. घरात शांतता हवी म्हणून मी त्यांना पहिला क्रमांक देऊन टाकला. मुलाखतीआधी बदलू, म्हटलं.

मुलाखतीच्या सकाळी मी मिक्सर बंद ठेवला, दाराची बेल बंद केली, ह्यांना भाजीला पिटाळलं. क्रमांक बदलायचा तेवढा राहिला!

मुलाखत सुरू झाली आणि आतल्या खोलीत सासूबाईंनी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. बहिणीच्या दारातली म्हैस शिंगांसकट लख्ख दिसत होती. इकडे मुलाखत घेणारे साहेब तोंड उघडं ठेवून थिजलेले. मी धावत जाऊन सासूबाईंना फोन ठेवायला सांगितलं. त्या निरोप घेऊ लागल्या. निरोपात बहिणीची सून आली, नातवंडं आली, म्हैसही आली. माझा धीर सुटला. मी राउटरच बंद केला.

आता दोन्ही कॉल गेले.

मयूरीचे डोळे भरले. मी घाईघाईने राउटर पुन्हा चालू केला. सासूबाई बाहेर आल्या, त्याचे दिवे लागेपर्यंत थांबल्या आणि आपला फोन तिच्या हातात दिला. "घे, ह्याच्यावरनं बोल. माझा पयला नंबर हाय की."

तिने त्या फोनवरून मुलाखत पुन्हा जोडली, आणि आवाज खणखणीत आला. शेवटी साहेबांनी विचारलं, ग्राहकाचे कॉल सारखे तुटत असतील तर आधी काय पाहाल?

मयूरी म्हणाली, "घरातल्या कुणी सेटिंगला हात लावलाय का, ते. आमच्याकडे आईने लावला होता, सर."

नोकरी लागली. पहिला पगार व्हायच्या आत तिने राउटरचा पासवर्ड बदलला. सासूबाईंना सांगितला, मला नाही.