आई कंप्युटरला दोनदा हो म्हणाली

दुपारपासून लिहितो लिहितो म्हणत टाइमपास करतोय, आता लिहितोच.

उद्या कॉलेजात ताईचं प्रोजेक्ट आहे. रसायनशास्त्रातले रेणू स्क्रीनवर फिरवून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिला हवंय, ते लिनक्सवर चालतं. म्हणून परळच्या आमच्या खोलीतल्या लिनक्सवाल्या जुन्या डेस्कटॉपवर मी ते टाकायला घेतलं. यूट्यूब बघून कमांड मारली. काळ्या स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या.

आईला म्हटलं, "लक्ष ठेव, पण हात लावू नकोस," आणि चहाला खाली उतरलो. तिथे मित्र नवी बाइक घेऊन उभा. मग काय, रे रोडपर्यंत चक्कर झाली.

परत आलो तर ओळी थांबलेल्या. खाली इंग्रजीत प्रश्न, पुढे जाऊ का?

"कधीचा विचारतोय मेला," आई म्हणाली. "मी दोनदा हो म्हटलं. ऐकतच नाही."

"अगं, हो म्हणायला कीबोर्डवर वाय दाबायचं!"

"हात लावू नको कोण म्हणालं?"

मी हुंदडत होतो आणि आई भाजीसुद्धा कंप्युटरसमोरच बसून निवडत होती, उठली नाही.

वाय दाबलंय, ओळी परत धावतायत. तुमच्या घरी कंप्युटरशी कोण बोलतं?

थांबा, ताई आली. आणि तिच्या मागून जिना चढतायत तिच्या मॅडम. प्रोजेक्ट आजच बघायचंय म्हणे!