गुणाबाईची ओंजळ

माझ्या अंगावर पहिलं पाणी पडलं ते गुणाबाईच्या हातचं. आमच्या गावात चाळीस वर्षांत जन्मलेल्या सगळ्यांचंच तसं. बिलोलीपासून तीन कोसांवर, मांजरेच्या काठी आमचं गाव. राज्य निजामाचं, पण बाळंतिणीच्या खोलीत राज्य गुणाबाईचं. पोलीस पाटील असो की कुलकर्णी, सगळे तिच्या हातात नागडेच आलेले.

गंमत अशी की बारा दिवस झाले, घर सारवून गोमूत्र शिंपडलं, की त्याच लेकराला तिचा हात चालायचा नाही. ती गावाबाहेरच्या वस्तीतली. विहिरीवर चढायची तिला मुभा नव्हती. खाली घागर ठेवून उभी राहायची. वरून कुणी ओतलं तर पाणी. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर ते काम माझं. अकरा वर्षांची होते मी. तहान लागली की ती ओंजळ करून वाकायची आणि मी तांब्यानं धार सोडायची. "तांब्या शिवू देऊ नको गं," असं आईनं बजावलेलं. मीही लई तरबेज. हातभर उंचावरून ओतायची, पण थेंब सांडायचा नाही. कशाचा अभिमान वाटायचा बघा! आता आठवलं की हसू येतं, आणि मग थोडा वेळ काहीच येत नाही.

आम्ही लेकरंसुद्धा तिला "गुणे" अशीच हाक मारायचो.

धर्माबादेकडून वर्षातून एकदा एक पाळक यायचे. बैलगाडीतून, लांब पांढरा कोट घालून. बोलण्यात तेलुगू मिसळलेली, बायकांना "अम्मा", पुरुषांना "अय्या" म्हणायचे. वस्तीत लिंबाखाली बसून येशूच्या गोष्टी सांगायचे. गुणाबाईनं तीन वर्षं त्या ऐकल्या, आणि विहिरीवर येऊन मला सांगितल्या. "माय, त्येनं महारोग्याला हात लावला. लांबून बरं करता आलं असतं की! पर हात लावला." त्या एका गोष्टीपाशी तिचा जीव अडकला होता. पुढल्या माघात पाळक आले की बाप्तिस्मा घ्यायचा, असं तिनं ठरवलं.

माझ्या वडलांच्या, बापूंच्या, कानावर हे गेलं. त्यांनी तिला वाटेत गाठलं. "काय गुणे, पाण्यानं पापं धुतात म्हणं तुमच्याकडं? मग आपली मांजरा काय वाईट हाय?"

"मालक, तुमी तर मांजरेत रोज न्हाता. किती पाप गेलं?"

बापू हसत सुटले. तेवढा मोठेपणा होता त्यांच्यात.

माघात बाप्तिस्म्याच्या दिवशी म्हशीला पाणी पाजायचं निमित्त करून मी नदीवर गेले. नदीला कमरेएवढं निवळ पाणी होतं. काठावर अकरा माणसं रांगेत उभी, पाळक एका खडकावर तांब्या घेऊन. पहिला आला दोर वळणारा व्यंकट. गुडघ्यांवर बसला. पाळकांनी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, तांब्या कलंडवला, आणि व्यंकटनं ओंजळ तोंडाशी धरून ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं!

"अय्या, प्यायचं नाही! डोकं पुढं करा!"

"सवय हाय जी," हनुवटी पुसत व्यंकट म्हणाला.

दुसऱ्यानंही तेच केलं. काठावरची माणसं हसली, मीही हसले. मग गुणाबाईची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, तांब्या वर गेला, आणि तिचे हात आपोआप जुळून तोंडाकडं निघाले. अर्ध्यावर तिनं ते पाहिले. खाली घेतले, आणि उठून रांगेच्या बाहेर उभी राहिली.

"काय झालं अम्मा?"

"पाळकबुवा, असलं पाणी मला रोज मिळतं. त्या पोरीच्या हातून." तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हशीच्या आड झाले. म्हैस नेमकी तेव्हाच पुढं सरकली.

पाळक शांतपणे म्हणाले, "अम्मा, पाणी ही खूण आहे. तारण होतं ते विश्वासानं."

"मग विश्वास हाय की माझा. पाणी ऱ्हाऊ द्या."

"असं कसं? प्रभूची आज्ञा आहे ती. बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म. जुनं माणूस मेलं, नवं जन्मलं, हे चारचौघांसमोर सांगायचं असतं. त्याच्यावाचून तुम्हाला मंडळीत कसं घेऊ?"

"जन्म?" गुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "जन्माचं मला सांगू नका. वरून धार सोडून लेकरू जन्मतं व्हय? कुणीतरी रक्तात हात घालावा लागतो. शिवल्याबगर जन्म न्हाई. तुमच्या प्रभूला कुणी दिला बाप्तिस्मा?"

"योहानानं. यार्देन नदीत."

"काठावर उभं राहून?"

पाळकांनी पायाखालच्या खडकाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नाही. दोघं पाण्यात होते."

गुणाबाई काठावरच उभी राहिली. डोळे मात्र भरले होते तिचे. तिला नको नव्हतं हो ते पाणी, तीन वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. पण त्या दिवशी तशीच घरी गेली असती तर पुन्हा कधी आली नसती. एवढं मला त्या वयातही कळलं.

पाळकांनी तांब्या खडकावर ठेवला. बूट काढायला बसले. नाड्यांची गाठ काही सुटेना, पण कुणी हसलं नाही. मग कोट खोचून ते नदीत उतरले आणि त्यांनी हात पुढं केला. गुणाबाई तो धरून आत गेली. पाळक तिला मागं टेकवायला लागले, तशी म्हणाली, "मान धरा नीट. मान सैल सोडायची नसती."

सुईण ती, स्वतःच्या जन्मालाही सूचना देणार!

पाळकांनी मानेखाली हात घातला. ती पाण्याखाली गेली, वर आली, नाकातोंडात पाणी गेल्यानं जोरात खोकली. पाळक म्हणाले, "रडलं लेकरू!" आणि मग तीच पहिल्यांदा हसली.

व्यंकट धावत आला. "मलाबी परत द्या, असा आत!"

"बाप्तिस्मा एकदाच असतो रे."

"पर म्या तर पिलो!"

"मग तुझा आतपर्यंत पोचला," पाळक म्हणाले. बाकीच्यांना मात्र त्यांनी एकेक करून नदीतच नेलं.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई विहिरीखाली तशीच उभी, ओंजळ करून. मी विचारलं, "मग काय बदललं गं, गुणे?"

"तुझं कुठं बदललं, माय? माझं बदललं. वत."

मी ओतलं. तीन पायऱ्या होत्या मधी. उतरून तांब्या हातात देता आला असता. नाही उतरले.

पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. गुणाबाई थकली होती, डोळ्यांनी कमी दिसायचं. पण मुलगी झाली ती तिच्याच हातात. पाय पसरून तिनं लेकराला त्यावर घेतलं, मानेखाली हात घातला, न्हाऊ घातलं. मी पडल्या पडल्या बघत होते. म्हणाले, "गुणामावशी, तो ओला हात माझ्या डोक्यावर ठेव की."

"ते पाळकाचं काम, माय. मी सुईण."

"सुईण म्हणूनच म्हणते."

तिनं दाराकडं पाहिलं. मग हात ठेवला, आणि लई वेळ ठेवला. तेवढ्यात आई आत आली. तिनं पाहिलं. बाळंतपणापुरता तो हात चालायचा, डोक्यावर ठेवायला नाही. गुणाबाई गेल्यावर चुलीवर पाणी चढवलं आणि मला डोक्यावरून पुन्हा न्हाऊ घातलं.

घालू दे, म्हटलं. असलं पाणी एकदाच लागतं, हे मी पाळकांच्या तोंडून ऐकलेलं होतं.