खिळ्यावरची ओढणी
"हाई पोर साहेबपुढे आशीच जाई का वं अक्का?" माझ्या पॅन्ट-शर्टकडे बघत हेडक्लार्क नानांनी शिपाईबाईंना विचारलं. अमळनेरच्या कचेरीत माझा तिसराच दिवस, नोकरी अजून कायम व्हायची होती. अक्कांनी दाराआडच्या खिळ्यावरची ओढणी काढून पुढे केली. ती सगळ्या बायकांची सामाईक होती, साहेबांकडे जाताना अंगावर घ्यायची. "घे बेटा, दोन मिनिटांचं काम शे." त्या ओढणीला डांबरगोळ्यांचा आणि कितीतरी जणींच्या घामाचा वास होता. आज घरचं कपाट उघडताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि तो दिवस आठवला. माझी मातृभाषा वेगळी, तेव्हा मराठीत अडखळायचे म्हणून कचेरीत फारसं बोलत नव्हते, पण फलकावरचं पोशाखाचं परिपत्रक दोनदा वाचलं होतं. ओढणीची नीट घडी करून मी अक्कांना परत दिली, फाईल उचलली आणि म्हणाले, "नाना, परिपत्रकात पॅन्ट-शर्ट चालतो असं लिहिलंय. मी अशीच जाते."