अण्णा, मशीन खोलू नका

उदगीरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा आई माझ्या बॅगेत धपाट्यांचं फडकं ठेवत होती आणि अण्णा ते फडकं बाजूला सारून पक्कड, टेस्टर आणि दोन पान्यांना जागा करत होते. "अवो, धपाट्याला ग्रीस लागंल की!" आई ओरडली. अण्णांना काय त्याचं! आमच्या गावात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या जळक्या पाणमोटरा त्यांच्यापुढं पोट उघडून पडलेल्या असायच्या. जेवतानासुद्धा त्यांच्या बोटांना व्हार्निशचा वास यायचा. गाडी हलली तसे ते खिडकीशी चालत आले. बाकीच्या पोरांचे बाप नीट राहा, फोन कर, असं काहीबाही सांगत होते. अण्णा म्हणाले, "कुठलीबी वस्तू हाती आली की आधी खोलून बघ. जी खोलता येत न्हाई, ती आपली न्हवं." मग गाडीनं उडवलेल्या धुळीत ते खोकत उभे राहिले. त्या खोकल्याकडं तेव्हा कोण लक्ष देतंय.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखेच मोशी-चिखली-भोसरीत पांगलेल्यांनो, मी हे लिहितोय ते भीतीपोटी. सरळ सांगतो, लाजायचं काय त्यात? तुम्ही मला ओळखता ते शिबिरं घेणारा, सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकत हिंडणारा मिलिंद म्हणून. पण हा मिलिंद गेल्या वर्षी कंपनीच्या कँटीनमध्ये, ताटावरून उठून, बापाला फोनवर जे ओरडला ते ऐकलंत तर तुम्ही हसाल. किंवा तुम्हीही घाबराल.

भोसरीत आलो तेव्हा एका खोलीत आम्ही इतके जण होतो की कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागे. एका वर्कशॉपात मेंटेनन्सला लागलो. ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम करून जुना लॅपटॉप घेतला, तर तो इतका रडका की सुरू होईस्तोवर चहा होऊन जाई. खोलीतल्या एका कोकणी दोस्तानं पेनड्राइव्ह दिला. म्हणाला, "हे घाल रे. लॅपटॉप चालवणारी सिस्टिमच ही, लिनक्स म्हणतात याला. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे उघडं आहे. आत काय लिहिलंय ते कुणीपण वाचावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं." लॅपटॉप पळायला लागला ते राहू द्या. पण एक दिवस आतलं लिखाण उघडून बघितलं, आणि काय सांगू, अण्णांच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं! समजलं फार थोडं. पण कुणी माझ्या हातावर फटका मारून "हात लावू नको" म्हटलं नाही. परक्या गावात ते फार मोठं असतं.

मग काय, मला त्याचं वेडच लागलं. चाकणला मोठ्या कंपनीत लागलो तरी सुटलं नाही. लाइनवरचा माझा जोडीदार तानाजी मला "फुकटराव" म्हणायचा. तानाजी इथलाच, माण गावचा. त्यांच्या वावरावर आता आयटीवाल्यांच्या काचा उभ्या आहेत. "फुकटराव, आज काय फुकट वाटताय?" असं तो सकाळी सकाळी गेटवरच सुरू करायचा. मी चिडून त्याला भाषण द्यायचो. बाबा रे, फुकटचा प्रश्नच नाही. ट्रॅक्टर तू विकत घेतलास आणि त्याचं बॉनेट उघडायला कंपनीची परवानगी लागत असेल, तर मालक कोण? मोबाइलची बॅटरी चिकटवून ठेवतात, वॉशिंग मशीनचं कार्ड गेलं तर दुरुस्त नाही, बदलाच म्हणतात. वस्तू विकायची आणि किल्ली खिशात ठेवायची, हा आता धंदा झालाय. तानाजी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हय, पण चहा तूच पाज."

एकदा मात्र त्याचंही हसू गेलं. आमच्या लाइनचा रोबो भरल्या शिफ्टमध्ये थांबला. बिघाड काहीच नव्हता. स्क्रीनवर आलं होतं की लायसनची मुदत संपली. ज्या देशातून ते लायसन यायचं तिथं तेव्हा सगळे झोपलेले. सगळी लाइन उभी, साहेब लोक फोन कानाला लावून येरझाऱ्या घालतायत, आणि आम्ही मेंटेनन्सवाले हातात पाने घेऊन, मुहूर्त टळलेल्या लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे बसलेले. तानाजी हळूच म्हणाला, "मिलिंद, आपल्याला खोलायला येतंय म्हणून ठेवलंय ना रं कामावर? मग उद्या आपलं काय?" त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. पण ती भीती नोकरीची होती. नोकरी दुसरी मिळते.

अण्णांची फुप्फुसं गेली ती व्हार्निशनं आणि जळक्या वाइंडिंगच्या धुरानं. जन्मभर ते तारा भट्टीत जाळत आले. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारं, पलंगाशेजारी घरघरणारं. दोन प्रकार होते. एक साधं, पुढं एक खटका आणि एक काटा. दुसरं भाड्याचं, स्मार्ट. त्यात सिम. मी चाकणला बसून ॲपवर बघू शकणार की अण्णा किती ऑक्सिजन घेतायत, मशीन चालू आहे की बंद. जगाला उपदेश करणाऱ्या मी कुठलं घेतलं? स्मार्ट. साधं घेणंच शक्य नव्हतं मला. तीनशेच्या वर किलोमीटरवर बाप धापा टाकतोय आणि फोनमध्ये एक हिरवा ठिपका दिसतोय, म्हणजे तो श्वास घेतोय. तुम्ही असतात तर काय घेतलं असतंत? लोक कुलूपबंद वस्तू मूर्खपणानं घेत नाहीत, घाबरून घेतात, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या कंपनीत शिफ्टला आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला आणि ठिपका करडा. खाली लिहिलेलं, "ऑफलाइन". आईला फोन लावला, उचलेना. परत लावला, उचलेना. तानाजीनं माझं ताट आणून ठेवलं. "काय झालं रं भावा? बस की जेवायला." मी त्याच्यापुढं फोन धरला.

मग आईनंच फोन केला. "अरे, ते मशीन सकाळपासून टूं-टूं करायलं होतं, मग बंदच पडलं. ह्यांना छोटा सिलेंडर लावलाय. अन् हे ऐकंनात बघ, मशीन खोलून बसलेत."

"अण्णांना दे," मी म्हणालो, आणि भर कँटीनमध्ये ओरडलो, "अण्णा, मशीन खोलू नका! हात लावू नका त्याला!"

सगळे चमचे थांबले. तानाजी माझ्याकडं बघतच राहिला. पलीकडून अण्णांचा श्वास ऐकू आला, मग एक शब्द, परत श्वास, परत शब्द. "मग... काय करू? बसून... बघू?"

फोन ठेवून कंपनीच्या हेल्पलाइनला लावला. बाई अगदी गोड बोलत होत्या. "सर, डिव्हाइस ऑफलाइन दिसतोय. सर्व्हरशी संपर्क तुटून काही तास झाले की सेफ्टीसाठी तो आपोआप लॉक होतो. ऑफलाइन डिव्हाइस आम्ही इथून अनलॉक नाही करू शकत, सर." अहो मॅडम, कुणाची सेफ्टी? त्यांनी टेक्निशियन उद्या येईल म्हणून सांगितलं. तालुक्याच्या दवाखान्याच्या गाडीला सांगावं तर ती दुसरा पेशंट घेऊन लातूरला गेलेली. आणि छोटा सिलेंडर काही उद्यापर्यंत पुरणारा नव्हता. मला रडू येत होतं, आणि समोर डाळभात निवत होता.

परत अण्णांना लावला. या वेळी ते शांत होते, म्हणून मी जास्त घाबरलो. "मिलिंदा, मी सगळं बघितलं. मोटर चांगली हाय. वाल्व चांगला. वायरी चांगल्या. आईचं सिमबी घालून बघितलं, घेत न्हाई." मग दम खाऊन म्हणाले, "कायबी बिघडलं न्हाई रे. कुणीतरी त्याला नको म्हणायलंय."

चाळीस वर्षं मोटरा भरणाऱ्या माणसाच्या आवाजात असलं नवल मी कधी ऐकलं नव्हतं. जळलेलं त्याला माहीत होतं, तुटलेलं माहीत होतं. धडधाकट असून न चालणारं यंत्र त्यानं पहिल्यांदा बघितलं, आणि तेही स्वतःच्या नाकाला लावलेलं.

पण त्या वाक्यानंच माझं डोकं चालू झालं. मशीन बरं आहे, म्हणजे त्याला फक्त रेंज हवी आहे. "आई, आपल्याकडं सगळ्यांचेच फोन बंद आहेत का?" तर नाही, तिच्यासारखे काहींचे चालू होते. एकाच कंपनीचा टॉवर सकाळपासून मेलेला, रस्त्याच्या कामात कुठं केबल तुटलेली. नेमकं त्याच कंपनीचं सिम मशीनमध्ये. फाट्यावर मात्र त्याच कंपनीचा दुसरा टॉवर लागतो. चुलतभाऊ सुभाषदादा घरीच होता. त्याला म्हटलं, दादा, मशीन मोटरसायकलवर घाल आणि फाट्यावरच्या हॉटेलात नेऊन प्लग लाव. तो म्हणाला, "अरे पण ते उघडं पडलंय की समदं!" मागून अण्णांचा आवाज आला, "थांब. बंद करून देतो."

नाकात नळी, शेजारी सिलेंडरचा काटा खाली यायलेला, आणि ते एकेक स्क्रू परत बसवत होते. सुभाषदादा नंतर सांगत होता, काकांनी जराही घाई केली नाही, हात पुसून मग झाकण लावलं. इकडं माझा जीव टांगणीला. उघडल्याचं मशीनला कळलं असेल का? परत सुरूच झालं नाही तर? आणि खोलून बघ, खोलून बघ म्हणत फिरणारा मी, मीच मनात त्यांना शिव्या घालत होतो की कशाला खोललंत.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तानाजी म्हणाला, "तू बस हितंच. सायबाला मी सांगतो." कँटीन रिकामं झालं. मी त्या करड्या ठिपक्याकडं बघत बसलो. मी देव मानत नाही, त्यामुळं कुणाला हात जोडावेत तेही कळेना. शेवटी फोनलाच म्हणालो, हो बाबा, हो. आणि ठिपका हिरवा झाला! फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात, भजी तळणाऱ्या कढईशेजारी, माझ्या बापाचा श्वास घरघरायला लागला. दादानं ते परत घरी नेलं, तोवर सिलेंडरचा काटा तळाला टेकत आलेला होता. आता पुढचे काही तास मशीन चालणार होतं, आणि तेवढ्यात दवाखान्याची गाडी लातूरहून परतून नवा सिलेंडर देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी टॉवर सुरू झाला आणि माझ्या फोनवर मेसेज आला, सील तुटलेलं आढळलं, यापुढे बिघाडाची जबाबदारी आमची नाही. मी मशीन परत करून टाकलं आणि आईअण्णांना इकडं घेऊन आलो.

आता आम्ही तळेगाव दाभाड्यात राहतो. अण्णांनी दुकानाला कुलूप घातलं. सोबत त्यांनी कपड्यांपेक्षा हत्यारंच जास्त आणली. आई गॅलरीतून खाली बघत म्हणते, "एवढी माणसं, अन् वळखीचं एक न्हाई." पलंगाशेजारी आता साधं मशीन आहे, एक खटका, एक काटा. सिम नाही, ॲप नाही, ठिपका नाही. म्हणजे शिफ्टभर मला काही दिसत नाही. शहाणपणाचं तेच आहे हे मला पटतं, आणि रोज भीतीनं माझा जीव जातो. दोन्ही खरं आहे. गावाकडचे विचारतात, तिकडं करमतं का? करमण्याचं राहू द्या. चाकणहून आलो की मी दाराबाहेर उभा राहून आधी कान देतो. आत घरघर ऐकू आली की किल्ली लावतो.

परवा पहिली शिफ्ट करून आलो आणि आत घरघर नव्हती. किल्ली कशीबशी लावली. दार उघडलं तर अण्णा जमिनीवर बसलेले, नाकात सिलेंडरची नळी, समोर वर्तमानपत्र अंथरून मशीन सबंध खोललेलं. ओरडायला तोंड उघडलं होतं मी.

"आलास? हात धू अन् बस," ते म्हणाले. "जाळी धुतलीय. आता लावायचं तू. मी काय जन्माला पुरणार हाय का?"

मी बसलो. त्यांनी एकेक भाग दाखवला, मी लावत गेलो. झाकण लावायच्या आधी त्यांनी आत बोट घालून सगळीकडं फिरवलं आणि विचारलं, "त्या मशिनीत ते नको म्हणणारं होतं, ते ह्यात कुठं बसलंय?"

"ह्यात नाही, अण्णा."

"नक्की?"

"नक्की. मी बघितलंय."

"मग हे आपलं," ते म्हणाले, आणि खटका दाबायला मला सांगितलं.