खळ दिलेली रबरी दोरी

आमच्या घरात लुगडी आणि अबोला या दोन गोष्टी चांगल्या विणल्या जात. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर विणकराचं. अण्णा, माझा थोरला भाऊ, मागावरून उठला आणि कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या शिडाच्या होडीवर कामाला लागला, तेव्हापासून आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. किल्ल्याजवळच्या तळ्यात साहेबलोक छोट्या होड्यांच्या शर्यती लावत. बापाचा माग सोडून त्यांच्या खेळण्याला दोऱ्या बांधायच्या, याचा आप्पांना भारी राग. आई नव्हती, त्यामुळे मध्यस्थ मीच. "आमटी पायजे का विचार त्याला," असं आप्पा मला म्हणत आणि अण्णा हातभर अंतरावर बसून मी विचारायची वाट बघे. दोघांच्याही डोक्यात पळी घालावी असं मला वाटे.

त्या होडीच्या पोटातून एक लाकडी फळी पाण्यात उतरत असे. तिच्यामुळे होडी वाऱ्यानं आडवी वाहत जात नसे. तळ्यात गाळ फार. फळी गाळाला लागली की वर उचलली जाई आणि तिला पुन्हा खाली ओढायला रबरी दोरी लागे, ताणली की लांबणारी, सोडली की आखडणारी. लढाई लागली आणि विलायतेहून ती दोरी येईना. अण्णानं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून काम भागवलं, पण उघडं रबर लाकडावर घासून तुटायचं. त्याला वरून सुताचं वेष्टण हवं होतं. साहेबाची बदली झाली होती. जायच्या आधीची शर्यत नीट पार पडली, तर तो अण्णाला नव्या साहेबाकडे लावून देणार होता. नाहीतर अण्णाला बेळगाव सोडावं लागणार. मागावर परत बस, असं आप्पा म्हणणार नव्हते आणि बसू का, असं तो विचारणार नव्हता.

अण्णानं पट्ट्या आणून माझ्यापुढे टाकल्या आणि आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळी अडचण मला सांगितली. आप्पा मागावरून उतरले. पट्टीचं एक टोक त्यांनी खांबाला बांधलं, दुसरं अण्णाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वढून धर रं."

मला मध्ये न घालता बोललेलं ते कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य. मी चुलीपाशी जाऊन धुराचं निमित्त करून रडून घेतलं. दुपारभर अण्णा पट्टी ताणून धरत होता आणि आप्पा तिच्यावर सुताची वेणी घालत होते. भांडलेही, पण हसत.

शर्यतीच्या दिवशी अण्णा दोरी न्यायला आला, तेव्हा ती काठीसारखी ताठ आणि चकचकीत झालेली होती. आप्पांनी तिला खळ पाजली होती. ताण्याच्या सुताला पिठाची खळ देऊन, कुंच्यानं ओढून, उन्हात वाळवल्याशिवाय आमच्यात ते मागावर चढत नाही. बिनखळीचं सूत बाहेर देणं म्हणजे पोरीला न्हाऊ न घालता सासरी धाडणं. आप्पांनी लेकासाठी काही कमी ठेवलं नव्हतं. अण्णानं दोरी वाकवून बघितली. वेष्टण कडक झालं होतं. ओढली तर ताणली गेली असती, पण परत आखडली नसती.

"लई बेस झालीया, आप्पा," तो म्हणाला.

मी बोळात त्याला गाठलं. म्हटलं, उघड्या पट्ट्या आहेत ना तुझ्याजवळ, त्याच बांध, आप्पांना कोण सांगायला जातंय?

"आप्पांनी केलीया गं," तो म्हणाला. "ती खिशात घालून दुसरी कशी बांधू?"

फळी गाळाला लागून वर गेली ती खाली आलीच नाही. होडी आडवी वाहत काठावरच्या लव्हाळ्यात घुसली आणि साहेबानं अण्णाला तिथल्या तिथे काढून टाकलं. घरी येऊन त्यानं आप्पांना सांगितलं की दोरीनं काम केलं, होडी पहिली आली, साहेब खूश होऊन मुंबईच्या गोदीत मोठ्या कामावर पाठवतोय. मला परसात नेऊन त्यानं खरं काय ते सांगितलं आणि आप्पांना कळू द्यायचं नाही म्हणून स्वतःच्या गळ्याची आण घातली. मग तो गेला आणि मुंबईहून जहाजावर खलाशी म्हणून लागला.

आप्पांनी आमच्या दोरीचं कौतुक साऱ्या गल्लीला ऐकवलं. पण अण्णा येईना, तसं ते कौतुक आंबत गेलं. दोरी बापाची, नाव लेकाचं. साहेब भेटला आणि घर विसरला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले. मी दात आवळून ऐकत असे. त्या आणेनं माझा जीव जळत होता.

त्याच जहाजावरचा नंदगडचा एक खलाशी जीव वाचवून गावी आला, त्यानं घरी येऊन सांगितलं की जहाज बुडालं आणि अण्णा गेला. गल्लीतली माणसं बसायला आली. आप्पांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. "आमच्या लेखी त्यो मुंबईला गेला तवाच गेलता," ते म्हणाले.

तेव्हा माझा तोल गेला. मेलेल्याच्या गळ्याची आण मी कुणासाठी पाळू? खळ, फळी, लव्हाळं, साहेब, सगळं मी चारचौघांत बोलून टाकलं.

आप्पांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. मग त्यांनी एवढंच विचारलं, "बांधताना त्याला ठाव हुतं?"

मी व्हय म्हटलं.

मग ते जे रडायला लागले, ते मला आवरेनात. आलेली माणसं एकेक करून उठून गेली.